दहा सेंटांच्या नाण्यांतून उभे राहिलेले कलामंदिर : शिकागो, १९४०-४१

शिकागो शहराचे नाव घेतले की आपल्याकडील वाचकांना इ. स. १८९३ ची सर्वधर्मपरिषद आठवते. स्वामी विवेकानंदांचे तेथील भाषण आणि पूज्य आचार्य श्री आत्मारामजी महाराजांचे प्रतिनिधी म्हणून गेलेल्या वीरचंद राघवजी गांधी यांनी केलेले जैन तत्त्वज्ञानाचे विवेचन, हे दोन्ही प्रसंग आपल्या सांस्कृतिक इतिहासात अभिमानाने नोंदले गेले आहेत. ही परिषद ज्या वास्तूत भरली ती मिशिगन ॲव्हेन्यू या राजरस्त्यावरील इमारत परिषदेनंतर 'आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो' या कलासंस्थेची झाली आणि पुढे जगातील अग्रगण्य कलासंग्रहालयांत तिची गणना होऊ लागली.

त्याच रस्त्याने दक्षिणेकडे सुमारे पावणेचार मैल गेले की ३८३१ क्रमांकाचे एक तपकिरी दगडी घर लागते. १८९०च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे सर्वधर्मपरिषदेच्याच सुमारास, जॉर्ज सीव्हर्न्स या धनिक धान्यव्यापाऱ्याने ते आपल्या निवासासाठी बांधून घेतले. पुढे अर्धशतकाच्या आत त्या परिसराचे रूप पालटले आणि १९४० साली हे घर तेथील कृष्णवर्णीय रहिवाशांनी वर्गणी काढून विकत घेतले. तेथे त्यांनी जे कलाकेंद्र उभारले, त्याचे नाव 'साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर'. डिसेंबर १९४० ते डिसेंबर १९४१ हे या केंद्राचे पहिले वर्ष. एका उपेक्षित समाजाने स्वतःच्या कलेसाठी स्वतःची भिंत कशी मिळवली आणि त्या एका वर्षातून काय निर्माण झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पट्ट्यात कोंडलेली वस्ती

पहिल्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील औद्योगिक शहरांकडे निघाली. कापसाच्या शेतीतील दारिद्र्य, वर्णभेदाचे कायदे आणि झुंडशाहीची दहशत मागे टाकून ती आगगाडीने शिकागोत उतरत. १९१० साली या शहरात सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते, ते १९४० साली पावणेतीन लाखांहून अधिक झाले. माणसे वाढली, परंतु त्यांना राहण्याची जागा त्या प्रमाणात वाढली नाही. घरांच्या खरेदीखतांतच अशी अट घातलेली असे की, हे घर कृष्णवर्णीयास विकता वा भाड्याने देता येणार नाही. या अटी न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९४८ साली. तोवर शहराच्या दक्षिण भागातील एका अरुंद पट्ट्यात ही सारी वस्ती दाटीवाटीने राहत होती. लोक त्या भागाला 'ब्राँझव्हिल' म्हणत.

या वस्तीत वृत्तपत्र होते, विमा कंपन्या होत्या, प्रार्थनामंदिरे होती, संगीताचे नामांकित जलसे होते. चित्रकारही होते. आर्चिबाल्ड मॉटलीसारखा चित्रकार आर्ट इन्स्टिट्यूटच्या विद्यालयातून १९१८ सालीच पदवी घेऊन बाहेर पडला होता. परंतु या चित्रकारांनी आपली चित्रे लावावीत कोठे? शहरातील कलादालनांची दारे त्यांना क्वचितच उघडत. ज्यांच्या जीवनाची ती चित्रे होती, ती माणसेही त्या दालनांत सहसा जात नसत. चित्र, चित्रकार आणि प्रेक्षक हे तिघे एकाच वस्तीत असूनही त्यांची गाठ पडेल अशी जागा त्या वस्तीत नव्हती.

एकाने शिकावे, सर्वांना शिकवावे

या केंद्राची मुहूर्तमेढ खऱ्या अर्थाने १९३२ साली रोवली गेली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. त्या वर्षी जॉर्ज नील या शिक्षकाभोवती काही होतकरू तरुण जमले आणि त्यांनी 'आर्ट क्राफ्ट्स गिल्ड' हे मंडळ स्थापन केले. आर्थिक मंदीने तेव्हा कळस गाठला होता. कलाविद्यालयाची फी भरणे कोणाच्याच आवाक्यात नव्हते. मग या मंडळाने एक साधा उपाय योजला. सदस्यांनी छोटे समारंभ करावेत, तिकिटे विकावीत, जमलेल्या पैशातून एका सदस्याला आर्ट इन्स्टिट्यूटच्या वर्गात पाठवावे आणि त्याने तेथे जे शिकले ते परत येऊन इतरांना शिकवावे. एका फीमध्ये सारे मंडळ शिकत असे.

नील यांची आणखी एक शिकवण शिष्यांच्या मनावर ठसली. दूरदेशीची निसर्गदृश्ये रंगवण्यापेक्षा आपल्या वस्तीतील गल्ल्या, मोडकी घरे आणि ओळखीचे चेहरे रंगवा, असे ते सांगत. ते शिष्यांना हातात वही देऊन रस्त्यावर नेत. १९३८ साली त्यांचे निधन झाले. कलाकेंद्राची वास्तू पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. परंतु चार्ल्स व्हाइट, एल्डझियर कॉर्टर, बर्नार्ड गॉस, विल्यम कार्टर, जोसेफ कर्सी आणि मार्गारेट टेलर (पुढे मार्गारेट बरोज या नावाने प्रसिद्धीस आलेल्या) या पिढीने त्यांचा वारसा पुढे चालवला. यांपैकी चार्ल्स व्हाइट यांना शालेय वयात मिळालेल्या शिष्यवृत्त्या, त्यांचा वर्ण कळताच काढून घेतल्या गेल्या होत्या. अखेर १९३७ साली ते आर्ट इन्स्टिट्यूटच्या विद्यालयात दाखल झाले.

सरकारचा हात, लोकांची वर्गणी

मंदीच्या निवारणार्थ अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शासनाने १९३५ साली बेकारांना काम देणारी जी प्रचंड योजना सुरू केली, तिच्या अंतर्गत 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट' हा कलाविषयक विभाग होता. होल्गर केहिल हे त्याचे संचालक. चित्रकारालाही गवंड्यासारखीच भाकरीची गरज असते, हे तत्त्व या विभागाने मान्य केले आणि कलावंतांना मासिक वेतन दिले. त्याचबरोबर देशभर शंभराहून अधिक लोककलाकेंद्रे उघडली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात असे केंद्र १९३७ साली सुरू झाले होते.

शिकागोच्या दक्षिण भागातही असे केंद्र व्हावे, या विचाराने १९३८ साली बैठकी सुरू झाल्या. मिशिगन ॲव्हेन्यूवर कलादालन चालवणारे आणि कृष्णवर्णीय चित्रकारांची कामे तेथे लावणारे पीटर पोलॅक हे फेडरल आर्ट प्रोजेक्टच्या वतीने पुढे आले. विमाव्यवसायातील गोल्डन डार्बी यांनी स्थानिक समितीची धुरा वाहिली. 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्राचे पाठबळ मिळाले.

शासनाची अट स्पष्ट होती. शिक्षकांचे व कर्मचाऱ्यांचे वेतन आणि वास्तूच्या दुरुस्तीचा खर्च सरकार करील, परंतु जागा आणि दैनंदिन खर्चाची तजवीज समाजाने करावी. मंदीने होरपळलेल्या वस्तीला ही अट सोपी नव्हती. ऑक्टोबर १९३९ मध्ये सव्हॉय बॉलरूममध्ये 'आर्टिस्ट्स अँड मॉडेल्स बॉल' हा भव्य निधिसंकलन समारंभ झाला. चार्ल्स व्हाइट यांचे 'फाइव्ह ग्रेट अमेरिकन नीग्रोज' हे विशाल चित्र याच उपक्रमाच्या निमित्ताने लोकांसमोर आले. सोजर्नर ट्रुथ, फ्रेडरिक डग्लस, बुकर टी. वॉशिंग्टन, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आणि गायिका मरियन अँडरसन अशा पाच विभूती त्यात आहेत आणि त्यांची निवड वृत्तपत्राच्या वाचकांच्या कौलावरून झाली होती.

परंतु समारंभाला येऊ शकणारे थोडे आणि न येऊ शकणारे फार. त्यांच्यासाठी 'माइल ऑफ डाइम्स', म्हणजे 'मैलभर नाणी' ही मोहीम निघाली. डाइम हे दहा सेंटांचे नाणे. अशी नाणी एकाला एक लावून मैलभर लांबीची ओळ करायची, ही कल्पना. विशीतल्या मार्गारेट हातात डबा घेऊन एकोणचाळिसाव्या रस्त्याच्या चौकात उभ्या राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून एकेक नाणे मागत. हिशेब केला तर मैलभर ओळीला सुमारे ९० हजार नाणी लागतात आणि त्यांची रक्कम नऊ हजार डॉलरच्या आसपास भरते. सीव्हर्न्स यांचे जुने घर केंद्रासाठी घेतले गेले ते सुमारे आठ हजार डॉलरना. मोठ्या देणग्यांचा वाटा होताच, परंतु या घरात आपलेही एक नाणे आहे असे म्हणू शकणारी माणसे त्या मोहिमेने वस्तीच्या प्रत्येक गल्लीत निर्माण केली.

वास्तूचे नवे रूप

दुरुस्तीचे काम हिन ब्रेडेनडीक आणि नेथन लर्नर या दोन आरेखनकारांनी केले. जर्मनीतील 'बाउहाउस' या प्रख्यात कलाशाळेची परंपरा घेऊन मोहोली-नॉज यांनी १९३७ साली शिकागोत 'न्यू बाउहाउस' ही शाळा काढली होती. हे दोघेही त्या शाळेशी निगडित होते. जुन्या घरातील दिवाणखान्याच्या भिंतींवर त्यांनी साध्या लाकडी फळ्यांचे आच्छादन केले. त्यामुळे खिळा कोठेही ठोकता येई, चित्र कोठेही टांगता येई आणि प्रदर्शन बदलले की भिंत पुन्हा नव्या कामास सज्ज होई. धनिकाच्या निवासाचे लोकांच्या कलादालनात झालेले हे रूपांतर सुतारकामापुरते मर्यादित नव्हते, हे सांगावयास नकोच.

प्रदर्शनांचे वर्ष

डिसेंबर १९४० मध्ये केंद्राचे दार उघडले. पहिले प्रदर्शन स्थानिक कृष्णवर्णीय कलावंतांचे होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शिकागोच्या कोलिझियममध्ये 'अमेरिकन नीग्रो एक्स्पोझिशन' हे मोठे प्रदर्शन भरले होते आणि त्यातील कलाविभागाने देशभरच्या कृष्णवर्णीय कलावंतांची कामे एकत्र आणली होती. परंतु ते प्रदर्शन काही आठवड्यांचे. सप्टेंबरमध्ये मंडप उठला आणि चित्रे परत गेली. केंद्राच्या दारातून आत आलेल्या प्रेक्षकाला मात्र खात्री होती की, पुढील महिन्यातही येथे चित्रे असतील.

सामान्य माणसाला बिचकायला लावील असा येथे कोणताही थाट नव्हता. एका मजल्यावर चित्रे टांगलेली असत आणि त्याच वास्तूत चित्रकला, शिल्पकला, शिळामुद्रण, छायाचित्रण यांचे विनामूल्य वर्ग भरत. ज्या तरुणाचे चित्र भिंतीवर आहे तोच संध्याकाळी मुलांना रेखाटन शिकवत आहे, असे दृश्य तेथे दिसे. नील यांच्या मंडळाने एका फीमध्ये सर्वांना शिकवण्याचा जो परिपाठ घातला होता, त्याला आता छप्पर मिळाले.

७ मे १९४१ हा केंद्राच्या इतिहासातील मानाचा दिवस. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते केंद्राचा औपचारिक अर्पणसोहळा झाला. तत्त्वज्ञ व समीक्षक ॲलन लॉक, तसेच आर्ट इन्स्टिट्यूटचे संचालक डॅनियल कॅटन रिच उपस्थित होते. सोहळा रेडिओवरून देशभर ऐकवण्यात आला. त्या निमित्ताने भरलेल्या प्रदर्शनाचे नाव होते 'वी टू लुक ॲट अमेरिका', म्हणजे 'आम्हीही अमेरिकेकडे पाहतो'. या नावातच त्या वर्षाचे सारे मर्म साठवले आहे. तोवर अमेरिकेच्या कलेत कृष्णवर्णीय माणूस बहुधा कोणाच्या तरी नजरेचा विषय असे. आता तो स्वतः पाहणारा झाला होता आणि त्याने जे पाहिले ते त्याच्याच वस्तीतील भिंतीवर लागले होते.

एका छपराखाली

१९४१ च्या उन्हाळ्यात न्यू ऑर्लिन्स येथे अध्यापन करणाऱ्या शिल्पकार एलिझाबेथ कॅटलेट शिकागोत आल्या. आदल्या वर्षीच्या एक्स्पोझिशनमध्ये त्यांच्या 'मदर अँड चाइल्ड' या शिल्पाला पहिले पारितोषिक मिळाले होते. त्यांनी या केंद्रात शिळामुद्रणाचे धडे घेतले. पुढे मेक्सिकोत राहून त्यांनी मुद्राचित्रकार म्हणूनही जी कीर्ती मिळवली, तिच्या वाटेवरील एक महत्त्वाचा टप्पा हा होय. याच उन्हाळ्यात त्यांची चार्ल्स व्हाइट यांच्याशी ओळख झाली आणि त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला.

वास्तूच्या तळघरात एक अंधारखोली होती. मिनेसोटातून आलेला गॉर्डन पार्क्स हा तरुण छायाचित्रकार तेथे काम करी. प्रतिष्ठित स्त्रियांची छायाचित्रे काढून तो पोट भरी आणि उरलेल्या वेळात दक्षिण भागातील दारिद्र्याची छायाचित्रे टिपी. त्यांचे प्रदर्शन या केंद्रात भरले आणि त्या कामाच्या बळावर त्याला ज्युलियस रोझनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली. ही शिष्यवृत्ती मिळवणारा तो पहिला छायाचित्रकार. १९४२ साली तो वॉशिंग्टनला गेला आणि राष्ट्रध्वजासमोर झाडू व पोछा घेऊन उभ्या असलेल्या सफाई कर्मचारी स्त्रीचे, 'अमेरिकन गॉथिक' या नावाने विख्यात झालेले छायाचित्र त्याने टिपले. एका तळघरातील अंधारखोली ते हे छायाचित्र, यांत अंतर होते केवळ एका वर्षाचे.

चित्रांच्या या घरात कवितेलाही जागा मिळाली. १९४१ साली इनेझ कनिंगहॅम स्टार्क या गौरवर्णीय साहित्यप्रेमी महिलेने येथे कविता-कार्यशाळा घेण्यास प्रारंभ केला. धनिक वस्तीतील बाईंनी त्या भागात जाऊ नये, असा सल्ला त्यांना मिळाला नसता तरच नवल. कार्यशाळेत येणाऱ्यांत ग्वेंडोलिन ब्रुक्स ही तरुणी होती. एकमेकांच्या कवितांची परखड चिकित्सा करावी, हा तेथील शिरस्ता. १९४५ साली तिचा 'अ स्ट्रीट इन ब्राँझव्हिल' हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि १९५० साली 'ॲनी ॲलन' या संग्रहासाठी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली.

मतभेद आणि कसोटी

संस्थेचा इतिहास लिहिताना केवळ गौरवाचे प्रसंग सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या केंद्रात आरंभापासून दोन प्रकारची माणसे होती. एकीकडे समाजातील प्रतिष्ठित आश्रयदाते, ज्यांच्या ओळखी व पैसा यांवाचून वास्तू उभी राहिली नसती. दुसरीकडे तरुण कलावंत, ज्यांच्यावाचून भिंती रिकाम्या राहिल्या असत्या. सोहळ्याच्या झगमगाटात कलावंत मागे पडतील, ही भीती तरुणांना वाटे. उपाशीपोटी माळ्यावर बसून चित्रे काढावीत आणि मरणोत्तर कीर्तीची वाट पाहावी, ही कलावंताविषयीची रम्य कल्पना आपल्याला मुळीच मान्य नाही, असे मार्गारेट यांनी त्या काळात परखडपणे मांडले. कलावंताला जिवंतपणी काम, प्रेक्षक आणि मोबदला हवा, ही त्यांची मागणी होती. हा ताण पुढेही राहिला. १९५०च्या दशकातील राजकीय संशयाच्या वातावरणात तो अधिकच तीव्र झाला आणि स्वतः मार्गारेट यांनाही त्याची झळ सोसावी लागली.

पहिले वर्ष संपते न संपते तोच ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका महायुद्धात उतरली. शासनाचे अग्रक्रम बदलले. १९४३ साली ती रोजगार योजनाच गुंडाळली गेली आणि केंद्राचे सरकारी वेतन थांबले. देशभरची बहुतेक कलाकेंद्रे या आघाताने मिटली. हार्लेमचे नामांकित केंद्रही टिकले नाही.

शिकागोचे केंद्र मात्र टिकले. यामागील कारण शोधू गेल्यास ते त्या मूळच्या अटीत सापडते. समाजाने जागा स्वतः घ्यावी, हा जो बोजा १९३९ साली जड वाटला, तोच १९४३ साली आधार ठरला. सरकार गेले तरी घर राहिले, कारण घर लोकांचे होते. दिवस ओढाताणीचे आले. शिक्षकांनी मानधनावाचून शिकवले, स्त्रियांच्या समित्यांनी निधी जमवला, चित्रांचे लिलाव झाले. दरवाजा बंद मात्र झाला नाही. १९६१ साली मार्गारेट बरोज यांनी पती चार्ल्स बरोज यांच्यासमवेत त्याच रस्त्यावरील ३८०६ क्रमांकाच्या आपल्या घरी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे संग्रहालय सुरू केले. पुढे ड्यूसेबल यांच्या नावाने ते विख्यात झाले. नाण्यांचा डबा घेऊन चौकात उभी राहिलेली मुलगी अशा रीतीने दोन संस्थांची जननी ठरली. २०१० साली त्यांचे देहावसान झाले.

शिकागो नगराने १९९४ साली या वास्तूला वारसास्थळाचा दर्जा दिला आणि २०१८ साली तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत झाली.

उपसंहार

या दालनाच्या लाकडी भिंती पाहिलेल्यांच्या नजरेत एक गोष्ट भरते. फळ्यांवर सर्वत्र खिळ्यांची बारीक छिद्रे आहेत. प्रत्येक प्रदर्शनाने आपली छिद्रे मागे ठेवली, पुढच्या प्रदर्शनाने त्यांशेजारी आपली पाडली. ती बुजवून भिंत कोरी करावी असे कोणाला वाटले नाही, कारण त्या छिद्रांतच केंद्राचा खरा इतिहास नोंदलेला आहे.

संस्थेच्या जमाखर्चाच्या वहीत मोठ्या देणग्यांची नावे ठळक अक्षरांत येतात आणि ते उचितच आहे. परंतु चौकातल्या डब्यात पडलेल्या दहा सेंटांना नाव नसते. शिकागोच्या या घराने त्या निनावी नाण्यांचे मोल १९४३ साली ओळखले. वास्तू बांधणारे हात थोडे असतात, ती आपली मानणारी मने अनेक असावी लागतात. ज्या संस्थेला अशी मने लाभली, तिला आश्रयदात्यांचा हात सुटल्यावरही उभे राहता येते, हेच त्या एका वर्षाचे संचित होय.